चार बोटांची जागा

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे, आणि तीही अर्ध्या टनाची. आपली ओळख करून देताना आपण किती भार पेलतो हे आधी कोणी सांगत नाही, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या आयुष्यात जे काही बरेवाईट घडले ते या अर्ध्या टनापायीच. तेव्हा तेवढे आधी सांगून टाकते.

ज्या कारखान्यात माझा जन्म झाला तिथे आम्ही तिघी बहिणी: अर्ध्या टनाची, पाऊण टनाची आणि एक टनाची. तिघींचे नाकडोळे सारखे. तेच गोल दिवे, तेच फुगीर बॉनेट, मागे तोच उघडा हौदा. समोरून पाहणाऱ्याला कोण कुठली ते कळायचे नाही. फरक सगळा पोटाखाली. माझ्या चाकाला नट पाच, मधलीच्या चाकाला आठ, आणि थोरलीला तर मागे जोडचाके. तिचा चाकांना जोडणारा ॲक्सल जाड, ब्रेकचे ड्रम रुंद. मागच्या चाकांवर एकावर एक रचलेले लोखंडी पाटे असतात, त्यांच्यावर सगळा भार तोलला जातो. ते मला सहा होते आणि तिला अकरा. मला तिचा हेवा वाटे, हे आता कशाला लपवू?

बाहेर पडताना माझ्या दाराच्या चौकटीत एक पत्र्याची पट्टी ठोकली. तिच्यावर कोरले होते: एकूण वजन दोन हजार एकशे पन्नास किलो. ही पट्टी वाचताना भलेभले फसतात. त्यांना वाटते, एवढा माल चढवता येतो. अहो, त्या आकड्यात मी स्वतःही आले! माझे एकटीचे वजन दीड हजार. उरले साडेसहाशे. त्यातून ड्रायव्हर वजा, त्याच्या शेजारी बसणारा वजा, ताडपत्री, हौद्यातल्या फळ्या, अवजारांची पेटी वजा. मालाच्या वाट्याला राहतात ते जेमतेम साडेचारशे. 'अर्धा टन' हे नाव म्हणजे घरात लाडाने ठेवलेल्या नावासारखे, ढोबळ. खरे काय ते पट्टीवर.

मला नवी कोरी घेतली ती बर्फ वाहणाऱ्या एका माणसाने. चढावर बर्फाचा कारखाना होता आणि खाली बंदर. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडले की लगेच उतार लागे, तो थेट मासळीच्या धक्क्यापर्यंत. वाटेत एकच वळण, तेही अगदी तळाला. सकाळच्या पहिल्या होड्या लागायच्या आत बर्फ खाली पोचवायचा, हे आमचे काम.

या माणसाने पट्टी एकदा नीट वाचली आणि पुन्हा कधी वाचली नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने मला वजनकाट्यावर उभी केली आणि पन्नास पन्नास किलोच्या लाद्या एकेक करून चढवायला लावल्या. नऊ लाद्यांना काटा पट्टीवरच्या आकड्याला लागला. मग तो अंग चोरून माझ्याखाली शिरला. माझ्या सांगाड्याखाली एक रबरी ठोकळा आहे. भार चढेल तशी मी वाकते आणि तो ठोकळा खालच्या ॲक्सलच्या जवळ जवळ येत जातो. त्याने त्या फटीत हात घातला. जुळवलेली चार बोटे बरोबर बसली.

तेव्हापासून त्याचा नियम ठरला. लाद्या मोजायच्या नाहीत, बोटे घालायची. का, तर लाद्यांच्या बुडाशी लाकडाचा भुसा अंथरतात. तो कोरडा असला तर हलका, आणि पाणी प्यायला की एका लादीइतका जड. मग नवाच्या आठच लाद्या न्याव्या लागत. मोजणारा चुकेल, पण चार बोटे चुकणार नाहीत. या नियमापायी सगळे त्याला 'चारबोटे' म्हणू लागले. नवख्या माणसाला वाटे, बिचाऱ्याचे एक बोट कशात तरी गेले असावे. चारबोटेंनी हात पुढे केला की तो चोरून मोजून बघे.

"तीन बोटं! उतरवा एक," असे चारबोटे ओरडले की हमाल कपाळावर आठ्या घालून लादी खाली घेत. कारखान्याच्या मालकीणबाई खिडकीतून डोकावत.

"अहो, धक्क्यापर्यंत जाईतो एक लादी वितळतेच की. एक जास्त नेली तर काय बिघडलं?"

"बाई, वितळते ती खाली गेल्यावर. उतार आहे तो तुमच्या दारातच!"

तीस वर्षे माझी अशी गेली. माझे दिवे धुरकट झाले, हौद्याला गंज चढला, पण एकदाही मी उताराला घाबरले नाही. मला बोलता येत नसे. मात्र मला वाकता येत असे आणि एक माणूस ते वाकणे रोज हात घालून वाचत असे. आणखी काय हवे होते मला?

पुढे चारबोटेंची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. घरात मुलगी आणि जावई. जावई पूर्वी घड्याळे दुरुस्त करायचा. हल्ली घड्याळ बिघडले तर कोणी दुरुस्त करत नाही, फेकून देतात. त्याचे दुकान बसले आणि तो घरी बसला. चारबोटे त्याला म्हणाले, "जावईबापू, उद्यापासून गाडीवर या." तो आला. स्वभावाने अतिशय सावध. गिअर बदलतानाही जणू बारीक स्क्रू फिरवतोय असे वाटायचे. पहिल्या महिन्यात माझ्यामागे ही रांग लागायची. चारबोटे शेजारी बसून कपाळाला हात लावायचे. "अहो, आपल्या बर्फाचं पाणी होतंय, जरा दाबा की!" पण मनातून ते खूश होते. असा काटेकोर माणूसच त्यांना हवा होता.

त्याच सुमारास माझे पाटे थकले. वय झाले की तेही ढिले पडतात. सात लाद्यांनाच चार बोटे उरू लागली. जाता जाता माझ्यासाठी काही करावे म्हणून चारबोटेंनी मला पाटे बनवणाऱ्या लोहाराकडे नेले.

"जुने तापवून पुन्हा बाक देऊ, की वरून दोन नवे चढवू?" लोहाराने विचारले.

चारबोटेंनी माझ्या पाठीवर थोपटले. "चढव दोन. जन्मभर वाकवली हिला. आता जरा ताठ उभी राहू दे."

"दोन पाटे चढवले म्हणून अर्ध्या टनाची एक टनाची होत नाही हं. ब्रेक तेच, ॲक्सल तोच."

"तीस वर्षं हाकतोय. मला शिकवतोस?" चारबोटे हसले.

मित्रांनो, त्यांना ते खरोखरच ठाऊक होते. पण ठाऊक असलेली गोष्ट आणि सवयीची गोष्ट डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात, त्यांची गाठ पडतेच असे नाही. त्या संध्याकाळी मी आठ पाट्यांवर उभी राहिले, कोंबडीसारखी शेपूट वर करून. चारबोटेंनी किल्ली जावयाच्या हातात दिली आणि आपला नियमही दिला. "लाद्या मोजू नका. हमालांचं ऐकू नका, बाईंचं तर मुळीच ऐकू नका. हात घाला. चार बोटं उरली की बस्स."

त्या दिवसापासून माझे बोलणे बंद झाले.

दुसऱ्या दिवशी जावयाने नऊ लाद्या चढवल्या आणि हात घातला. अख्खा तळहात उभा आत गेला. त्याला वाटले, माप चुकले. त्याने पुन्हा घातला. मग आणखी एक लादी घेतली, पुन्हा बोटे. दहा, अकरा, बारा. एका दिवसात त्याने धाडस केले नाही. आठवडाभर रोज एकेक वाढवत गेला. सोळा लाद्यांना फटीत बरोबर चार बोटे बसली. नियम त्याने मोडला नाही. उलट चारबोटेंनीही कधी पाळला नसेल इतक्या कसोशीने पाळला, आणि मी मात्र साडेतीनशे किलो जास्तीचा भार घेऊन ताठ मानेने उभी होते.

दोन खेपांचे काम एका खेपेत होऊ लागले. मालकीणबाईंनी खिडकीतून कौतुक केले, "म्हातारीला जवानी आली की हो!" हमालांनी माझ्या बॉनेटवर थापा मारल्या. आयुष्यात पहिल्यांदाच माझी एवढी वाहवा होत होती, आणि प्रत्येक थापेसरशी माझ्या जिवाचा थरकाप होत होता. उतरताना ब्रेकचे ड्रम तापून लाल व्हायची वेळ येई. जळका वास सुटे. जावयाला तो आलाही. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रीला दाखवले. सकाळी ड्रम थंडगार! मिस्त्री म्हणाला, "काही नाही, जुन्या गाडीला वास असतोच."

घरासमोरच्या अंगणात मी उभी राहायची. खिडकीतून आतले सगळे ऐकू येई. रोज जेवायच्या वेळी चारबोटे विचारत, "चार बोटं?"

"चार बोटं, मामा."

"शाब्बास."

लाद्या किती, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. विचारणार कसे? मोजायच्या नाहीत हे त्यांनीच शिकवले होते. मी अंगणात उभी राहून रोज वाट बघायची, आज विचारतील, आज तरी विचारतील.

मग ती सकाळ आली. भुसा कोरडा होता. सोळा लाद्या चढल्या, चार बोटे बसली, ताडपत्री बांधली. त्या दिवशी बरोबर कोणी नव्हते, जावई एकटाच होता. आम्ही फाटकातून बाहेर पडलो. जवळजवळ सगळा उतार नेहमीसारखाच गेला. मग त्याने ब्रेक दाबला आणि मी थांबू शकले नाही. त्याने पूर्ण जोर लावला. ड्रम इतके तापले होते की पकडच उरली नव्हती. त्याने हातब्रेक ओढला, गिअर खाली टाकला. माझे इंजिन किंचाळले, पण मागून तो सगळा भार मला ढकलत होता.

वळणाच्या समोर जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. सात-आठ जणी, माना खाली घालून. डाव्या हाताला एक बंद पडलेले गुदाम. जावयाने एकदा समोर बघितले आणि चाक डावीकडे फिरवले. भिंतीची धडक मला बसली, ती माझ्यापाशी थांबली नाही. त्याचा उजवा पाय पत्र्यात अडकला.

बायकांपैकी कोणाला खरचटलेसुद्धा नाही. त्याला बाहेर काढायला दोन तास लागले. तोवर लाद्या रस्त्यावर पसरल्या होत्या आणि ऊन वर आले होते.

दुपारी अपघाताचा तपासणीस आला. चांगला माणूस होता, घाई न करता सगळे बघितले. पण बघायला उरले होते काय? बर्फ वितळून समुद्राला मिळाला होता. ज्या भाराने घात केला त्याचा ओघळसुद्धा वाळून गेला होता. माझे ड्रम थंड झाले होते. त्याने ब्रेक दाबून बघितला, तो छान लागला. मग त्याने चारबोटेंना विचारले, "माल जास्त होता का?"

चारबोटेंनी छाती पुढे काढली. जावयाची बाजू घ्यायची म्हणूनच ते बोलत होते. "मुळीच नाही. माझा जावई चार बोटांवर एक लादी चढवणार नाही. तीस वर्षांचा नियम आहे."

हमालांनीही तेच सांगितले. चार बोटे होती, आम्ही पाहिली. तपासणीसाने कागदावर लिहिले: गाडी ठीक, माल ठीक, चालकाने ब्रेक उशिरा दाबला.

मी तिथेच होते, मित्रांनो. एक हात अंतरावर. माझ्या अंगावर आठ पाटे होते आणि ते मोजायचे कोणाच्या मनात आले नाही. जिवंत माणसाला निदान ओरडता तरी येते.

जावयाचा पाय वाचला, पण गुडघा कायमचा ताठ झाला. गाडी चालवणे संपले. मला ओढत आणून अंगणात टाकले. खिडकीतून ऐकू येई: कोणी भेटायला आले की हळूच विचारी, "झोप लागली होती का हो?" आरंभी तो सांगायचा, "नाही, मी दाबला होता." मग नुसती मान हलवायचा. पुढे पुढे तर, कोणी विचारायच्या आतच स्वतःच म्हणायचा, "माझंच लक्ष नव्हतं." असे म्हटले की माणसे लवकर उठून जात.

चार महिन्यांनी त्याची बायको मालकीणबाईंना भेटून आली. माझ्याजवळच चारबोटे खुर्ची टाकून बसले होते. ती सहज म्हणाली, "बाबा, बाईंना आता दोन खेपा कराव्या लागतात. सोळा लाद्या एका गाडीत मावत नाहीत म्हणे."

"सोळा? कुठल्या सोळा?"

"हे नेत होते त्या."

मुलगी आत गेली. मग चारबोटे खुर्चीवरून उतरले, जमिनीवर आडवे झाले आणि पूर्वीसारखे अंग चोरून माझ्याखाली शिरले. डोळ्यांना दिसत नव्हते. हाताने एकेक पाटा चाचपला. एक, दोन, तीन. सातव्याला हात थांबला. आठव्यावर तो बराच वेळ तसाच राहिला. म्हातारा माणूस माझ्याखाली पडून रडत होता आणि त्याच्या पाठीवर ठेवायला मला हात नव्हता.

जावई काठी टेकत बाहेर आला तेव्हा ते तसेच धुळीत बसलेले होते.

"जावईबापू, चूक तुमची नव्हती. पाटे मी वाढवले आणि बोटं तीच ठेवली. चाराच्या जागी तळहात सांगायला हवा होता. मी उद्या जाऊन सांगतो सगळ्यांना."

जावयाने माझ्या फाळक्याला टेकून श्वास घेतला. "मामा, उगाच जिवाला लावून घेऊ नका. ब्रेक मी उशिराच दाबला. वळण आल्यावर दाबला. मला चांगलं आठवतंय."

"माझ्यासाठी खोटं बोलताय."

"नाही हो. खरंच उशीर झाला माझा. तुम्ही उठा बघू आधी, कपडे मळले."

तो सासऱ्याला सावरण्यासाठी खोटे बोलला, की इतके महिने ऐकून ऐकून त्याला स्वतःलाच ते खरे वाटू लागले होते? मला कळले नाही. चारबोटे दुसऱ्या दिवशी तपासणीसाकडे गेलेही. तिथे त्यांना सांगितले, "आजोबा, कागद बंद झाला. तुमचा जावईच कबूल करतोय की." ते परत आले आणि त्यानंतर अंगणात खुर्ची टाकून बसले नाहीत.

आता भंगारवाला येऊन माप घेऊन गेला आहे. माझे फार दिवस उरलेले नाहीत, तेव्हा तुमच्याकडे मागायचे ते मागून घेते. कोणतीही गाडी असो, तिच्या दारातली पट्टी वाचा आणि नीट वाचा. ती भाराखाली वाकत असेल तर तिला वाकू द्या. तेवढेच तिचे बोलणे असते. तिला आधार द्या, जरूर द्या, पण आधार दिल्यावर ती आता कशी बोलणार, हे एकदा बघून घ्या.

आणि आणखी एक. उजवा गुडघा न वाकवता, काठी टेकत चालणारा एक माणूस तुम्हाला कधी भेटेल. तो तुम्हाला सांगेल, माझ्याकडून उशीर झाला. तेव्हा त्याला थांबवा, मित्रांनो. त्याला सांगा की वळण अजून चांगले ऐंशी पावले लांब होते तेव्हाच त्याचा पाय ब्रेकवर आला होता. आधी एक, मग दोन्ही. त्याला एक क्षणही उशीर झाला नव्हता. मी त्याच्या पायाखाली होते, मला माहीत आहे.